चुकलेल्या अध्यायांची बाकी काढू नका

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने:

"प्रभूमध्ये सलाम. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आहे. सात एकर शेती, त्यांपैकी दोन एकर ओलिताची. मामाजी, म्हणजे माझे सासरे, होते तोवर घरात शास्त्रवाचन होत असे. ते गेल्यापासून ते बंद पडले. मी दर वर्षी १ जानेवारीला संपूर्ण पवित्र शास्त्र वर्षभरात वाचण्याचा तक्ता घेऊन उत्पत्तीपासून सुरुवात करते आणि दर वर्षी फेब्रुवारीत लेवीय पुस्तकात अडकते. चुकलेले अध्याय रविवारी भरून काढीन म्हणते, तेही होत नाही, आणि मग लाजेने पुस्तकच उघडत नाही. सासूबाईंना वाचता येत नाही. त्या म्हणतात, 'काऊन वं, तुये मामाजी होते तवा घरात रोज वाचन होये, आता शास्त्र कपाटातच रायते काय?' यजमान ओलितासाठी आणि डुकरांच्या जागलीसाठी रात्री वावरात असतात. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत, दोघेही स्थिर बसत नाहीत. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा येतात. मामाजींच्या शास्त्राच्या समासात पेन्सिलीने तारखा आणि दोन-दोन शब्द लिहिलेले आहेत. ६५व्या स्तोत्राजवळ 'मिरगाचा पाऊस' असे आहे. मात्र जून-जुलैच्या तारखा फार थोड्या दिसतात. नेम मोडणे हे पाप आहे काय? सवय लावावी कशी? मोबाइलवर वाचले तर चालेल काय?"

प्रिय भगिनी, सलाम.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढच्या गोष्टींकडे तुमचे मन वळणार नाही. ठरवलेला अध्याय वाचायचा राहून जाणे हे पाप नाही. यहोशवाच्या पहिल्या अध्यायात आणि पहिल्या स्तोत्रात देवाच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करण्याविषयी सांगितले आहे, परंतु दिवसाला किती अध्याय वाचावेत हे शास्त्रात कोठेही सांगितलेले नाही, आणि सांगितले जाणे शक्यही नव्हते, कारण ते ग्रंथ लिहिले गेले तेव्हा आजचे अध्याय अस्तित्वातच नव्हते. आपण मोजतो त्या अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताने केली असे मानले जाते, आणि नव्या करारातील ओव्यांना आजचे क्रमांक १५५१ साली रॉबेअर एतिएन या मुद्रकाने छापलेल्या प्रतीतून मिळाले. संदर्भ चटकन सापडावा म्हणून माणसांनी केलेली ही सोय आहे. त्या सोयीवरून देव आपला हिशेब मांडतो अशी कल्पना करून घेण्याचे काही कारण नाही.

आता तुमच्या तक्त्याकडे पाहू. आपल्या पवित्र शास्त्रात एकूण १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात ते संपवायचे तर रोज तीनांहून थोडे अधिक वाचावे लागतात. रोज तीन धरले तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय ३० जानेवारीला संपतात आणि ३१ जानेवारीला लेवीय सुरू होते. निर्गमाच्या निम्म्यापर्यंत कथा आपल्याला ओढून नेते, पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची मापे सुरू होतात, आणि लेवीयाच्या पहिल्या सात अध्यायांत होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण व दोषार्पण यांचे विधी एकामागून एक येतात. जो भाग नव्या वाचकाला सर्वांत अवघड जातो तोच नेमका तुमच्याकडे कापसाची शेवटची वेचणी, तुरीचे खळे आणि हरभरा-गव्हाचे ओलीत एकाच वेळी अंगावर आलेले असताना समोर येतो. तुम्ही दर वर्षी तेथेच अडकता याचे मला मुळीच नवल वाटत नाही, आणि त्यात तुमच्या श्रद्धेची उणीव आहे असेही मी मानत नाही.

अशा तक्त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध तक्ता स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी तयार केला. रोज चार अध्याय वाचून वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा पूर्ण होतील अशी त्याची रचना आहे, आणि जगभर आजही अनेकजण तो वापरतात. परंतु तक्त्याबरोबर मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लाभांच्याही आधी त्याचे धोके सांगितले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. वाचन हा केवळ उपचार होऊन बसणे, आपण काही मोठे साधले असा अभिमान वाटणे, नुसती पाने उरकणे, आणि काहींना हे जू न पेलण्याइतके जड होणे, हे ते धोके. तक्ता करणाऱ्यालाच जे ठाऊक होते ते तक्ते वाटणाऱ्यांनीही लक्षात ठेवायला हवे. वर्षभरात शास्त्र संपवणाऱ्यांना उपासनेत पुढे बोलावून प्रमाणपत्र देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. शेती करणाऱ्या मंडळीत तिचा उपयोगापेक्षा अपाय अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपाय होतो तो थकबाकीमुळे. चुकलेले अध्याय पुढच्या दिवसात घालायचे ठरवले की सोसायटीच्या कर्जाप्रमाणे मुद्दलावर व्याज चढत जाते, आणि तीन दिवसांच्या खंडानंतर एका संध्याकाळी बारा अध्याय वाचायचे आहेत हे दिसले की माणूस पुस्तकापासून तोंड लपवू लागतो. म्हणून एक नियम मात्र कडक पाळा: जे राहिले ते राहिले. ज्या दिवशी पुस्तक उघडाल त्या दिवशी जेथे फीत असेल तेथून एकच अध्याय वाचा, मग मध्ये एक दिवस गेलेला असो की पंधरा. मामाजींच्या तारखांमध्ये जून-जुलैच्या तारखा थोड्या आहेत हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. ज्यांच्या वाचनाची आठवण घरात अजून काढली जाते त्यांचेही वाचन पेरणीच्या आणि डवरणीच्या दिवसांत मंदावत असे, आणि हात मोकळे झाले की ते पुन्हा सुरू होत असे, याची नोंद तुमच्या कपाटात आहे. सासूबाईंना जे रोजचे म्हणून आठवते ते असे होते. त्या तारखांनी तुम्हाला अपराधी वाटण्याऐवजी धीर यायला हवा.

सध्या फेब्रुवारी संपत आला आहे. या वर्षीचा तक्ता बाजूला ठेवा आणि रूथचे पुस्तक घ्या. त्यात चारच अध्याय आहेत, आणि ते सुगीच्या दिवसांत घडते. दुष्काळामुळे मवाबात गेलेली नामी नावाची स्त्री पती आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतते, तिची सून रूथ तिच्याबरोबर येते, आणि सातूची कापणी चालू असताना बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचून सासूला पोसते. हे चार अध्याय चार संध्याकाळी सासूबाईंसमोर वाचा. पाचव्या संध्याकाळी लेवीयाचा १९वा अध्याय उघडा. शेताच्या कडा पूर्णपणे कापू नयेत, पडलेला सरवा गोळा करू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा, अशी आज्ञा तेथे नवव्या आणि दहाव्या ओवीत आहे. रूथला बवाजाच्या शेतात पाऊल टाकता आले ते याच नियमाच्या आधारावर. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा, जी प्रभू येशूने पुढे दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली, तीही याच अध्यायात अठराव्या ओवीत आहे. ज्या पुस्तकाशी तुम्ही दर वर्षी थांबता त्याच्यात शिरण्याची वाट तुमच्या ओळखीच्या कामातून जाते, आणि त्याचे उरलेले अध्याय पुढे कधीतरी इब्री लोकांस पत्राच्या नवव्या-दहाव्या अध्यायांबरोबर वाचले तर त्यातील अर्पणांचा अर्थही उलगडेल.

त्यानंतर मार्काचे शुभवर्तमान घ्या, पण त्याचा दिवस नेमून घ्या. पुनरुत्थानाचा रविवार कोणता आहे ते पाहा, त्याच्या आदल्या सोमवारापासून दोन आठवडे मागे जा आणि त्या सोमवारी पहिला अध्याय वाचा. सोमवार ते शुक्रवार रोज एक याप्रमाणे तीन आठवड्यांत पंधरा अध्याय होतात. शेवटच्या आठवड्यात सोमवारी अकरावा अध्याय येतो, ज्यात प्रभूचा यरुशलेमेत प्रवेश आहे, गुरुवारी चौदावा, ज्यात शेवटचे भोजन आणि गेथशेमाने आहे, आणि उत्तम शुक्रवारी पंधरावा, ज्यात वधस्तंभ आहे. सोळावा, रिकाम्या कबरेचा अध्याय, ईस्टरच्या सकाळी उपासनेला निघण्यापूर्वी वाचता येईल. घरातल्या वाचनाची मंडळीच्या उपासनेशी अशी सांगड बसली की दिवस चुकण्याचे प्रमाण आपोआप कमी होते, कारण उद्या काय येणार हे मुलांनाही ठाऊक असते.

ईस्टरनंतर प्रेषितांची कृत्ये घ्या. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. तोवर हरभरा आणि गहू घरी आलेला असतो आणि मिरगाला अवकाश असतो, म्हणजे तुमच्या वर्षातील सर्वांत मोकळे आठवडे हेच. कृत्यांचे अठ्ठावीस अध्याय आठवड्याला पाच या गतीने साडेपाच-सहा आठवड्यांत होतात, म्हणून ईस्टर कितीही उशिरा आला तरी पेरणीपूर्वी ते पुस्तक पूर्ण होते. पेरणीच्या दिवसांत एक छोटे स्तोत्र पुरे. आठवड्याला पाचच का, तर रविवार मंडळीचा आहे आणि एक दिवस आठवडी बाजाराचा. त्या दोन्ही दिवशी घरात कोणाचेही मन थाऱ्यावर नसते. नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत आणि आठवड्याला पाच धरले तर ते नेमके बावन्न आठवड्यांत संपतात. तुम्हाला दीड वर्ष लागले तरी काही बिघडत नाही.

वेळेविषयी. पहाटे उठून वाचावे असे बहुतेक उपदेशांत सांगितले जाते आणि त्याला आधार म्हणून मार्क १:३५ दिले जाते, जेथे प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच एकांती जाऊन प्रार्थना करतो. ज्यांना ते जमते त्यांनी ते अवश्य करावे. परंतु ज्या घरात पहाट पाणी भरण्यात, चुलीपुढे आणि शाळेच्या डब्यात जाते तेथे गृहिणीने आणखी अर्धा तास आधी उठावे असे सांगणे मला न्याय्य वाटत नाही. उत्पत्तीच्या २४व्या अध्यायात इसहाक मनन करण्यासाठी संध्याकाळी शेतात गेला होता. तुमच्यासाठी संध्याकाळच योग्य आहे, आणि तीही घड्याळातील वेळ म्हणून धरू नका, कारण कापसाच्या दिवसांत तुम्ही सहाला घरी येता आणि ओलिताच्या दिवसांत आठला. भाकरी टोपल्यात पडल्या की ताटे वाढण्यापूर्वी एक अध्याय, असे कामाला काम जोडून ठेवा. जेवणानंतर ठेवाल तर मुले पेंगतील आणि यजमान जागलीला निघालेले असतील. पुस्तकही कपाटातून काढा. फडक्यात बांधून वरच्या खणात ठेवलेले शास्त्र काढायला स्टूल लागते, आणि दमलेला माणूस स्टूल शोधत नाही. जेथे जेवायला बसता तेथे हाताशी येईल अशा फळीवर ते ठेवा.

वाचन मोठ्याने करा. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, स्त्रिया, पुरुष आणि ज्यांना समजत होते असे सर्वजण ऐकतात, आणि लेवी वंशाचे सेवक लोकांना अर्थ समजावून सांगतात. प्रकटीकरणाच्या आरंभी वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना, दोघांनाही धन्य म्हटले आहे. म्हणजे सासूबाईंना अक्षर येत नाही म्हणून त्या वाचनाच्या बाहेर राहतात असे मुळीच नाही, आणि इतकी वर्षे ऐकून त्यांचे कान तुमच्यापेक्षा तयार असतील. चौथीतल्या मुलीला वाचायला बसवा. ती ओळीवर बोट ठेवून वाचेल, कफर्णहूमसारख्या नावापाशी अडेल, तिचा भाऊ हसेल. हसू द्या, आणि पुढचे पाच मिनिटांचे वाचन त्याच्याकडे द्या. मार्काच्या चौथ्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला आला की तिफणीने पेरणाऱ्या घरात हमखास प्रश्न निघेल की बी वाटेवर आणि खडकाळ जागी पडलेच कसे. तेथे बी मुठीने फोकले जात असे, एवढे सांगा आणि पुढची चर्चा सासूबाईंवर सोपवा. पाखरांनी टिपलेले बी आणि तणाने दडपलेले रोप त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. एखाद्या संध्याकाळी या बोलण्यातच वेळ गेला आणि अध्याय अर्धा राहिला तर तो उद्या पुढे न्या. चौदावा अध्याय बहात्तर ओव्यांचा आहे, तो मुलांनी वाटून घेतला तरच नीट होईल.

यजमानांना संध्याकाळच्या वाचनात बसता आले नाही तर त्यांच्यासाठी वेगळा भाग ठेवा. १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रे बहुतेक लहान आहेत. त्यांतील १२१वे, जो डुलकी घेत नाही आणि झोपी जात नाही अशा राखणाऱ्याचे आहे, आणि १३०वे, ज्यात पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो असे म्हटले आहे, ही दोन्ही आठ-आठ ओव्यांची आहेत. रोही आणि डुकरे हाकण्यासाठी रात्र काढणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाहीत. ती त्यांनी पाठ करावीत. येथे मोबाइलचा चांगला उपयोग होतो. मराठी शास्त्राचा पाठ आणि श्राव्य वाचन मोबाइलवर मिळते, ते घरीच उतरवून घेतले तर वावरात नेटवर्क नसले तरी ऐकता येते. घरातल्या वाचनासाठी मात्र मोबाइल नको. त्यात काही गैर आहे म्हणून नव्हे. वाचता वाचता वर निरोप झळकला की मुलगा तो उघडेल, आणि सासूबाईंच्या दृष्टीने तुम्ही शास्त्र वाचता की मोबाइल पाहता यात फरक उरणार नाही.

एखाद्या ठिकाणी मन थांबले तर तेथेच राहा. रेव्ह. ना. वा. टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळक तेव्हा ख्रिस्ती नव्हते आणि पुस्तकाविषयी त्यांना फारसे आकर्षणही नव्हते, पण दिलेल्या शब्दाखातर त्यांनी वाचायला घेतले आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाशी ते अडकून राहिले. १८९५मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तक्त्याबरोबर धावणाऱ्याला ते तीन अध्याय एका दिवसाचे काम वाटले असते.

जे समजत नाही ते समजल्यासारखे करून पुढे जाऊ नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो, फिलिप्प त्याला वाचतोस ते समजते काय असे विचारतो, आणि कोणी वाट दाखवल्यावाचून कसे समजेल असे तो मोकळेपणाने सांगतो. तो शिकलेला होता, राणीच्या खजिन्यावर होता, तरी त्याला विचारण्याची लाज वाटली नाही. वहीचे एक पान त्यासाठी ठेवा, अध्याय आणि ओवी लिहा, आणि पाळकसाहेब आले की त्यांतील एक-दोनच प्रश्न विचारा. महिन्यातून दोनदा येणाऱ्या आणि अनेक गावे सांभाळणाऱ्या पाळकांपुढे सगळी यादी ठेवली तर एकाचेही उत्तर धड मिळत नाही. त्यांना आठवडाभर आधी फोनवर प्रश्न कळवला तर आणखी बरे.

मामाजींच्या प्रतीत तुम्ही लिहावे की नाही हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते तुमच्या मनात असावे असे पत्रावरून वाटते. लिहा. पेन्सिलीनेच लिहा, फक्त तारीख, आणि काही सुचले तर दोन शब्द. ती प्रत जुनी असल्याने पाने सुटत असतील किंवा अक्षर बारीक असेल, तर संध्याकाळच्या वाचनासाठी मोठ्या अक्षरांची दुसरी प्रत घ्या. बायबल सोसायटीच्या मराठी प्रती पाळकसाहेबांना सांगितल्यास ते पुढच्या फेरीला आणून देऊ शकतील. त्याच वेळी मुलासाठी नव्या कराराची छोटी प्रत मागवा. ती फार महाग नसते, आणि सातवीतल्या मुलाला बहिणीच्या हातातल्या पुस्तकात डोकावण्यापेक्षा स्वतःच्या प्रतीत ओवी शोधणे अधिक आवडते.